‘तसंच खायचं असतं, मावशी!’

भाची सातव्या महिन्यात चार दिवस विश्रांतीला म्हणून आमच्याकडे आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाईसाहेब फ्रिज उघडून उभ्या. हातात चिकन सलामीचं पाकीट, शहरातून येताना बर्फात घालून आणलेलं. ‘अगं थांब, तव्यावर तरी परतून देते,’ मी म्हटलं. तर म्हणते, ‘तसंच खायचं असतं, मावशी! शिजवलेलंच असतं ते. आणि फ्रिजमध्येच तर होतं.’

तिचं बोलणं काही वेडेपणाचं नव्हतं. पाकिटावर तसंच छापलेलं होतं. तरी मी ते तिच्या हातातून काढून घेतलं, आणि का घेतलं ते सांगता सांगता आमचा दोघींचा चहा गार झाला.

गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली. तिकडे पोलोनी नावाचा एक प्रकार मिळतो. मांस अगदी लगदा होईपर्यंत वाटायचं, मसाला घालून लांब नळीत भरायचं आणि कारखान्यातच शिजवायचं. गुलाबी, मऊ, सुरीने चकत्या करायच्या आणि पावात घालायच्या. स्वस्त असल्यामुळे गरीब वस्त्यांमधून घरोघरी खातात, मुलांच्या डब्यात देतात. पाव पोखरून त्यात बटाट्याचे तळलेले काप, पोलोनी आणि ‘अचार’ भरूनही विकतात. (शब्द ओळखीचा वाटला ना? आपलं कैरीचं लोणचंच ते!) थोडक्यात, आपल्याकडे वडापाव तसं तिकडे हे.

२०१७ च्या जुलै महिन्यात तिथल्या दोन मोठ्या सरकारी हॉस्पिटलांमधल्या, म्हणजे सोवेटोच्या ख्रिस हानी बाराग्वनाथ आणि प्रिटोरियाच्या स्टीव्ह बिको हॉस्पिटलमधल्या, नवजात बाळांच्या डॉक्टरांना काहीतरी वेगळं जाणवलं. जन्मतःच आजारी असलेली बाळं येत होती आणि रक्त तपासलं की एकच जंतू निघत होता, लिस्टेरिया. एरवी क्वचित दिसणारा.

हा लिस्टेरिया मोठा लबाड. बहुतेक जंतू थंडीत गारठून गप्प बसतात, हा फ्रिजमध्येही सावकाश वाढत राहतो. अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही. धडधाकट माणसाला फार तर जुलाब आणि ताप. पण गरोदर बाईला तो इतरांपेक्षा फार लवकर गाठतो. तिला स्वतःला थोडी कणकण येते, अंग दुखतं, ‘दिवसच तसे आहेत’ म्हणून ती सोडून देते. आणि तो वारेतून थेट बाळापर्यंत पोचतो. मग गर्भपात, पोटातच बाळ जाणं, नाहीतर जन्मलेल्या बाळाच्या रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात जंतू.

डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी साथ जाहीर केली. जंतू कोणता ते माहीत होतं, पण तो कशातून येतोय हे कुणालाच सांगता येईना. कारण हा पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत काही वेळा सत्तर दिवससुद्धा जातात. बाळ गमावलेल्या आईला विचारायचं, ‘दोन महिन्यांपूर्वी काय खाल्लं होतं?’ आपल्याला तरी सांगता येईल का? मला परवाची भाजी आठवत नाही! तरीही १०९ रुग्णांना विचारून झालं. त्यातल्या ९३ जणांनी शिजवून तयार मिळणारं मांस खाल्लेलं होतं, त्यातही पोलोनी सगळ्यात जास्त. संशय आला, पण तेवढ्यावर कारखान्याला कुलूप लावता येत नाही.

धागा सापडला तो पाळणाघरातल्या मुलांमुळे. १२ जानेवारी २०१८ ला सोवेटोच्या एका पाळणाघरातली पाच वर्षांखालची नऊ मुलं ताप आणि जुलाब घेऊन बाराग्वनाथला आली. लहान मुलांना जुलाब काय, होतच असतात. औषध देऊन घरी पाठवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या मनात शंका आली, हे खाण्यातून तर नाही? लिस्टेरिया तर नाही? त्यांनी कळवलं आणि आरोग्य खात्याची माणसं त्याच दिवशी पाळणाघरात गेली. तिथली पोलोनी उचलली आणि प्रयोगशाळेत पाठवली.

प्रयोगशाळेत काय करतात, ते ऐकण्यासारखं आहे. मांसाचे २५ ग्रॅम तोलून घेतात. त्यात जंतू मोजकेच असले तर सूक्ष्मदर्शकाखालीही हाती लागत नाहीत. मग आपण चमचाभर विरजणाचं पातेलंभर दही करतो ना, तसंच ते जंतूंना वाढवतात. एका खास पोषक पाण्यात तो तुकडा घालून दिवसभर उबेला ठेवायचा. त्या पाण्यात अशी औषधं असतात की बाकीचे जंतू दबतात आणि लिस्टेरिया तेवढा फोफावतो. दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं पुन्हा नव्या पाण्यात. तो असला तर पाणी काळं पडतं. मग ते घट्ट जेलीसारख्या थरावर पसरतात. तिथे निळसर-हिरवे ठिपके उठतात, भोवती धुरकट कडं. हे सगळं व्हायला चार-पाच दिवस लागतात. घाई करून चालत नाही, दह्यासारखंच!

पण एवढ्याने भागत नव्हतं. पोलोनीत लिस्टेरिया निघाला, तरी बाळांच्या रक्तातला तो हाच कशावरून? म्हणून पुढे जंतूची पूर्ण जनुकीय ओळख काढतात, बोटांचे ठसे जुळवावेत तशी. रुग्णांच्या रक्तात दहांपैकी नऊ जणांमध्ये ‘एसटी-६’ नावाचा एकच वाण सापडला होता. २७ जानेवारीला कळलं की पाळणाघरातल्या एका आजारी मुलाच्या शौचातला आणि तिथल्या पोलोनीतला जंतू हाच. माग काढत माणसं पोलोक्वाने शहरातल्या एन्टरप्राइझ फूड्सच्या कारखान्यात पोचली. तिथून गोळा केलेल्या नमुन्यांपैकी तीस टक्क्यांहून जास्त नमुन्यांत लिस्टेरिया होता, आणि निदान सोळा नमुन्यांत तोच वाण. ४ मार्च २०१८ ला मंत्र्यांनी कारखान्याचं नाव जाहीर केलं. माल बाजारातून मागे घेतला आणि रुग्ण झपाट्याने कमी झाले.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. एकूण १,०६० रुग्ण, २१६ मृत्यू. साथीच्या मुख्य काळातल्या ९३७ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यातले निम्मे बाळंतपणाशी जोडलेले होते, म्हणजे गरोदर बायका आणि बहुतेक नवजात बाळं. मला राहून राहून वाटतं, ही मांसाची तपासणी जुलैतच झाली असती तर? रक्त तपासून आजाराचं नाव कळतं. पण कुठल्या पाकिटातून आला, हे पाकीटच तपासल्याशिवाय कळत नाही.

भाचीने विचारलं, ‘पण शिजवलेलं होतं ना ते?’ होतं. कडक उष्णतेने लिस्टेरिया मरतोच. घोळ होतो तो शिजवल्यानंतर. कारखान्यातली ओलसर फरशी, गटाराची जाळी, काप करायचं यंत्र, अशा ठिकाणी तो ठाण मांडून बसतो. शिजलेल्या मांसाला तिथे लागला की पाकिटात बंद होऊन आपल्या फ्रिजपर्यंत येतो, आणि आपण गरम न करता खातो.

म्हणून आपला खळखळ उकळलेला रस्सा तुलनेने बरा. तिथे चूक होते ती वेगळीच. कच्चं चिकन कापलेली सुरी आणि पाट नुसत्या पाण्याने विसळून त्यावरच कांदा-कोथिंबीर चिरायची. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. आता कच्च्या मांसाचा पाट वेगळा ठेवलाय, त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘एवढी वर्षं काय मेलो का आम्ही?’ काय उत्तर देणार!

सलामी, सॉसेज आता छोट्या गावांतही मिळतात. घरात कुणाला दिवस गेले असतील, लहान बाळ असेल, कुणी म्हातारं किंवा कॅन्सरची औषधं घेणारं असेल, तर त्यांना ती थंड देऊ नका. आतपर्यंत वाफ येईल अशी गरम करा आणि लगेच वाढा. फोडलेलं पाकीट आठवडाभर ठेवू नका. कच्चं दूध उकळल्याशिवाय नको, त्यातही हाच असू शकतो. आणि गरोदर बाईला विनाकारण ताप आला तर ‘बघू उद्या’ न करता डॉक्टरकडे न्या आणि काय काय खाल्लं तेही सांगा. वेळेवर कळलं तर यावर प्रतिजैविकं आहेत.

सलामी शेवटी मी तव्यावर चांगली चरचरीत परतली. ‘पार वाळवलीस गं,’ भाची कुरकुरली, आणि दुसरा तुकडा उचलला.