बर्फाखाली हाती असतात ती दहा मिनिटे
हिमस्खलनापासून बचावाचे प्रशिक्षण नेमके कशासाठी?

ठाणे, प्रतिनिधी

डिसेंबर उजाडला, की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील पर्यटन कंपन्यांच्या फलकांवर काश्मीर, मनाली आणि सिक्कीमची हिमशिखरे झळकू लागतात. गुलमर्ग किंवा सोलंगच्या बर्फात स्नो स्कूटरवरून मारलेला फेरफटका हा अशा सहलींचा आता ठरलेला भाग झाला आहे. माहुली, गोरखगड, सिद्धगड पालथे घातलेले तरुण तर त्यापुढे जाऊन हिवाळी ट्रेक आणि स्कीइंगकडे वळतात. मात्र, सह्याद्रीतील अनुभव बर्फाळ उतारावर फारसा उपयोगी पडत नाही. कातळ आणि पाऊस ओळखणाऱ्या नजरेला बर्फाच्या पोटातील कच्चा थर दिसत नाही. हिमस्खलनापासून बचावाचे स्वतंत्र प्रशिक्षण का घ्यावे लागते, याचे उत्तर येथेच आहे.

बर्फ घसरतो कसा?

हिवाळ्यात बर्फ एकदाच पडत नाही. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर तयार होतो. दोन हिमवृष्टींच्या मधल्या काळात ऊन, वारा आणि थंडी यांचा परिणाम होऊन एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा भुसभुशीत होतो. त्यावर नव्या बर्फाचा किंवा वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाचा जड, घट्ट थर बसतो. खालचा कच्चा थर मोडला, की वरची संपूर्ण लादी एकाच वेळी तडकते आणि घसरू लागते. जीवघेणी हिमस्खलने बहुतांशी याच प्रकारची असतात.

अशा लाद्या प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. घराच्या जिन्याचा चढ साधारण ३० अंशांचा असतो. त्याहून थोडा तीव्र उतार म्हणजे धोक्याचा पट्टा. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही. विशेष म्हणजे चालणारा सपाटीवर असला, तरी डोक्यावरचा उतार तीव्र असेल तर धोका टळत नाही.

चित्रपटांमुळे रूढ झालेला एक समज येथे दूर करायला हवा. ओरडल्याने किंवा इंजिनाच्या आवाजाने हिमस्खलन होत नाही. कच्चा थर मोडतो तो वजनाने. जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे ९० टक्के घटनांत लादी सुटण्यास सापडलेली व्यक्ती किंवा तिचाच सोबती कारणीभूत असतो. म्हणजेच अपघात टाळणे मोठ्या प्रमाणात माणसाच्या हाती असते.

दहा मिनिटांचा हिशेब

स्वित्झर्लंडमधील चार दशकांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पूर्णपणे गाडल्या गेलेल्या व्यक्तीस १० मिनिटांच्या आत बाहेर काढल्यास वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. ३० मिनिटांपर्यंत ती सुमारे ३० टक्क्यांवर घसरते. मृत्यू थंडीने होण्याआधी गुदमरून होतो. वाहताना मऊ वाटणारा बर्फ थांबताच घट्ट होतो. गाडलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. साचलेल्या बर्फाच्या एका घनमीटरचे वजन ३०० किलोहून अधिक भरू शकते.

दहा मिनिटांत लष्कर, पोलिस किंवा हेलिकॉप्टर पोहोचू शकत नाही. वाचवू शकतात ते फक्त सोबती. म्हणूनच प्रशिक्षणात प्रत्येकाकडे तीन साधने असण्याचा आग्रह धरला जातो. पहिले बीकन. हे छोटे यंत्र अंगावर बांधलेले असते आणि ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडते; दुर्घटना घडताच उरलेले सोबती आपले यंत्र शोधाच्या स्थितीत आणतात. दुसरी घडीची लांब शोधकाठी, जी बर्फात खुपसून माणसाची नेमकी जागा आणि खोली कळते. तिसरे धातूचे फावडे. यांतील एक नसेल, तर उरलेली दोन जवळपास निरुपयोगी ठरतात. मोबाईल बीकनला चिकटून ठेवल्यास संदेशात अडथळा येतो, हेही याच प्रशिक्षणात शिकवले जाते.

यंत्राचा वेग, धोक्याचा वेग

कॅनडा आणि अमेरिकेत डोंगरावर स्नोमोबाईल चालवणाऱ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासवर्ग भरतात. यंत्रावर बसलेला माणूस एका दिवसात पायी जाणाऱ्याच्या अनेक पट उतार ओलांडतो, त्यामुळे कच्च्या थरावर येण्याचे प्रसंगही तितकेच वाढतात. उतारावर जास्तीत जास्त उंच जाऊन वळण्याची चढाओढ हे या खेळाचे आकर्षण आणि अपघातांचे एक मोठे कारण. यंत्र वर अडकले, की मदतीला दुसरा जातो आणि एकाच उतारावर दुप्पट वजन पडते.

२८ डिसेंबर २००८ रोजी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फर्नीजवळ ११ स्नोमोबाईलस्वारांच्या गटावर हिमस्खलन कोसळले. वाचलेले सोबती गाडल्या गेलेल्यांना उकरून काढत असतानाच दुसरे हिमस्खलन आले. आठ जणांचा मृत्यू झाला. सोबत्याला वाचवायला धावण्यापूर्वी वरच्या उताराकडे पाहण्याचा धडा या दुर्घटनेने दिला.

अभ्यासवर्गातील नियम मोजके आहेत. उतारावर एका वेळी एकानेच जायचे. बाकीच्यांनी बर्फ येऊन साचेल अशा पायथ्याच्या जागेपासून दूर, इंजिन सुरू आणि तोंड सुटकेच्या दिशेला ठेवून थांबायचे. अडकलेल्याच्या मदतीला वर जायचे नाही. फावडे आणि काठी यंत्राच्या पेटीत न ठेवता पाठीवर वागवायची, कारण हिमस्खलनात यंत्र आणि स्वार वेगळे होतात. निघण्यापूर्वी त्या दिवसाचा इशारा वाचायचा. इशाऱ्याच्या पाच पायऱ्या असतात. परदेशातील नोंदी सांगतात, की सर्वाधिक बळी पाचवीवर नव्हे, तर तिसऱ्या पायरीवर जातात. धोका टोकाचा असेल तर माणसे घरीच थांबतात. मधला असेल तर ‘चालून जाईल’ म्हणून निघतात.

आपल्याकडे काय?

भारतात हिमस्खलनाचे इशारे चंदीगड येथील संरक्षण भूमाहिती संशोधन संस्था देते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या हिम व हिमस्खलन अभ्यास संस्थेचे २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीनीकरण होऊन ती आकाराला आली. दार्जिलिंग, उत्तरकाशी आणि मनालीतील गिर्यारोहण संस्थांच्या सुमारे चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत बर्फावरील तंत्र शिकवले जाते. गुलमर्गला स्कीइंगची स्वतंत्र संस्था आहे.

प्रशिक्षण म्हणजे अभयदान नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेचेच पथक हिमस्खलनात सापडले आणि दोन डझनांहून अधिक जणांचा बळी गेला. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवट परिसरात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. त्यांच्यासोबतच्या इतरांना वाचवण्यात यश आले.

सामान्य पर्यटकाने लक्षात ठेवावी अशी घटना मात्र सिक्कीममधील आहे. ४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोक-नथुला मार्गावर पंधराव्या मैलाजवळ हिमस्खलन होऊन सात पर्यटक ठार झाले. त्या दिवशी परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते. तेथे कोणी साहसी खेळ खेळत नव्हते. परवानगीची हद्द ओलांडून बर्फात उतरणे एवढेच पुरेसे ठरले.

निघण्यापूर्वी विचारावे असे काही

आखलेल्या मैदानात, स्थानिक चालकासोबत सपाट भागावर स्नो स्कूटरची फेरी मारणाऱ्यासाठी धोका मर्यादित असतो. तरीही सहलीचे पैसे भरताना काही प्रश्न विचारायला हवेत. फेरी कोणत्या भागात आहे? त्यावर तीव्र उतार आहे का? गेल्या दोन-तीन दिवसांत मोठी हिमवृष्टी झाली आहे का? त्या जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशारा आहे का? आखलेल्या हद्दीबाहेर जायचे असेल, तर वाटाड्या प्रशिक्षित आहे का आणि प्रत्येकाला बीकन, काठी, फावडे मिळणार का? याचे उत्तर ‘काही होत नाही’ असे आले, तर बेत बदललेला बरा.

हिवाळी ट्रेकचा विचार करणाऱ्या गटांना तयारीची सुरुवात घरापासूनही करता येते. बीकन शोधण्याच्या सरावाला बर्फ लागत नाही. डोंबिवली किंवा ठाण्यातील एखाद्या मैदानावर पिशवीत यंत्र लपवून, घड्याळ लावून तो शोध घेता येतो. पहिल्या प्रयत्नात किती वेळ लागतो आणि दहाव्या प्रयत्नात किती, हे मोजले की सरावाचे मोल आपोआप कळते. उरलेले शिक्षण मात्र बर्फावरच, जाणकाराच्या देखरेखीखाली घ्यावे लागते. त्यातील सर्वांत अवघड भाग यंत्रांचा नाही. हजारो रुपये खर्चून, दोन दिवसांचा प्रवास करून पोहोचल्यावर समोरचा उतार पाहून मागे फिरणे, हा आहे.