जबलपूर : मतपेटी आणि निकालपत्र

दीर्घकाळ एकाच पक्षाकडे राहिलेली सत्ता निवडणुकीने दुसऱ्याकडे जाते तेव्हा मंत्रिमंडळ आठवड्याभरात बदलते; न्यायालये, वरिष्ठ सभागृह, राज्यांची सरकारे आणि कायद्याची पुस्तके मात्र आपापल्या गतीने, कधी मागे वळूनही, बदलत राहतात. भारताने हे स्थित्यंतर १९७७ मध्ये अनुभवले, आणि त्याच्या दोन्ही बाजू, मतपेटीची आणि न्यायालयाची, ज्या एका शहराच्या नावाशी जोडल्या गेल्या ते शहर म्हणजे नर्मदाकाठचे जबलपूर.

भारतात एकपक्षीय राजवट कधीच नव्हती, हे आधी स्पष्ट करायला हवे. विरोधी पक्ष कायदेशीर होते, निवडणुका ठरल्या वेळी होत होत्या, तरीही केंद्रात सलग तीस वर्षे काँग्रेसच राज्य करत होती. राज्यशास्त्रज्ञ या अवस्थेला एकपक्षवर्चस्व म्हणतात, आणि रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये तिचे वर्णन ‘काँग्रेस व्यवस्था’ असे केले. या वर्चस्वाचे गणित मोठे बोलके आहे. १९५२ मध्ये काँग्रेसला लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या, पण मते सुमारे ४५ टक्केच होती, आणि त्यानंतरही निम्मी मते तिला कधी मिळाली नाहीत. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी असली तरी चालतील, या पद्धतीत विरोधकांची फाटाफूट हेच सत्ताधाऱ्यांचे खरे भांडवल होते.

ते भांडवल हिरावून घेता येते हे जबलपूरने दाखवले. हिंदी नाटककार आणि काँग्रेसचे ज्येष्ठ खासदार सेठ गोविंददास यांचे जून १९७४ मध्ये निधन झाले, आणि त्यांच्या रिक्त जागेच्या पोटनिवडणुकीत जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने विरोधी पक्षांनी आपापले उमेदवार उभे न करता शरद यादव या सत्तावीस वर्षांच्या विद्यार्थी नेत्याला जनतेचा उमेदवार म्हणून पुढे केले. काँग्रेसचा हा बालेकिल्ला यादवांनी जिंकला. १९७७ च्या देशव्यापी लढतीची ही रंगीत तालीमच होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच, २५ जून १९७५ रोजी, अंतर्गत अशांततेचे कारण देऊन आणीबाणी जाहीर झाली. दोन दिवसांनी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ मधील हक्कांसाठी, म्हणजे समानता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य आणि अटकेपासूनचे संरक्षण यांसाठी, न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. ‘मिसा’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली हजारो लोक विनाचौकशी स्थानबद्ध झाले, आणि त्या कायद्यात केलेल्या दुरुस्तीमुळे स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही सांगण्याचे बंधन सरकारवर उरले नाही. तरीही स्थानबद्धांनी हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बंदिवानाला न्यायालयापुढे हजर करून अटकेची वैधता तपासण्याची मागणी करणाऱ्या देहोपस्थितीच्या याचिका केल्या. जबलपूरच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या ऐकता येतात असे ठरवले. अशी भूमिका घेणारी उच्च न्यायालये एकूण नऊ होती.

सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या (एडीएम) नावाने दाखल झालेले अपील यादीत पहिले असल्याने संपूर्ण खटला ‘एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने ओळखला गेला. स्थानबद्धांची बाजू मांडणाऱ्यांत शांतिभूषण यांच्याबरोबर सासवडचे वि. म. तारकुंडेही होते. एखाद्या पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही काय, या न्या. हंसराज खन्ना यांच्या प्रश्नावर, आणीबाणी असेतो नाही, असे महान्यायवादी निरेन डे यांना मान्य करावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी, त्यांत पुण्याचे यशवंत चंद्रचूडही होते, सरकारची बाजू उचलून धरली. एकट्या खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले, तेव्हा खन्ना यांनी राजीनामा दिला. उच्च न्यायालयांनी दाखवलेला कणा सर्वोच्च न्यायालयाला दाखवता आला नाही, हा निष्कर्ष कटू असला तरी टाळता येत नाही.

दरम्यान मार्च १९७६ मध्ये संपणारी लोकसभेची मुदत संसदेने एका वर्षाने वाढवली. मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेला अधिकार सभागृहाने स्वतःच लांबवावा हे न पटून पुण्यात जन्मलेल्या, पण बिहारमधून निवडून गेलेल्या मधू लिमये यांनी आणि जबलपूरच्या शरद यादवांनी तुरुंगातूनच खासदारकीचे राजीनामे दिले. अखेर मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, विरोधकांच्या एकीतून उभा राहिलेला जनता पक्ष सत्तेवर आला आणि काँग्रेस १५४ जागांवर आली. महाराष्ट्रात तिला ४८ पैकी २० जागा तरी मिळाल्या. मध्य प्रदेशात मात्र चाळीसपैकी एकट्या छिंदवाड्याने तिला हात दिला, आणि जबलपूरने यादवांना पुन्हा निवडले.

सत्ता बदलली, सवयी मात्र लगेच बदलल्या नाहीत. नव्या जनता सरकारने मध्य प्रदेशासह नऊ राज्यांतील काँग्रेसची सरकारे अनुच्छेद ३५६ खाली बरखास्त केली, आणि १९८० मध्ये सत्तेवर परतलेल्या काँग्रेसच्या इंदिरा गांधींनी तेच हत्यार उलट फिरवून नऊ विधानसभा विसर्जित केल्या. या अधिकाराला खरा लगाम बसला तो सर्वोच्च न्यायालयातील १९९४ च्या बोम्मई खटल्यात. याउलट राज्यसभेत, जिचे एकतृतीयांश सदस्यच दर दोन वर्षांनी बदलतात, काँग्रेसचे बळ टिकून होते, त्यामुळे जनता सरकारच्या ४४ व्या घटनादुरुस्तीतील पाच कलमे तिथे फेटाळली गेली. उरलेली दुरुस्ती मात्र मोलाची ठरली: ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र उठाव’ हे कारण आले, लोकसभेची सहा वर्षांवर नेलेली मुदत पुन्हा पाच वर्षे झाली, आणि अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरले.

एडीएम जबलपूरचा निकाल मात्र त्यानंतरही चार दशके कायद्याच्या ग्रंथांत उभा होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोडीत काढला, आणि तसे निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूड यांचेच पुत्र. मिसा जनता सरकारने रद्द केला होता, पण विनाखटला स्थानबद्धतेची मुभा देणारा राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९८० मध्ये आला आणि तो आजही लागू आहे.