कार्तवीर्याचे बाहू : मर्त्य राजाचे असुरत्व आणि त्रिपुरीची परंपरा

जबलपूरच्या पश्चिमेस, भेडाघाटच्या वाटेवर, तेवर नावाचे लहानसे गाव आहे. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. सागर विद्यापीठाच्या वतीने मो. गं. दीक्षित यांनी १९५२ च्या सुमारास येथे उत्खनन केले, आणि वा. वि. मिराशी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या कोरीव लेखांच्या संग्रहामुळे या राजवंशाचा इतिहास सुसंगत स्वरूपात अभ्यासकांपुढे आला. इतिहासाच्या दृष्टीने या स्थळाचे महत्त्व उघड आहे. परंतु कथापरंपरेच्या दृष्टीनेही ते कमी नाही. मर्त्य राजा असुर केव्हा होतो, या प्रश्नाचा विचार येथून जितका नीट करता येतो तितका क्वचितच दुसरीकडून करता येईल.

त्रिपुरी हे नाव ऐकताच त्रिपुरासुराची कथा आठवणे स्वाभाविक आहे. महाभारताच्या कर्णपर्वात तारकासुराच्या तीन पुत्रांसाठी मयासुर सुवर्णाचे, रौप्याचे आणि लोहाचे अशी तीन संचारी नगरे उभारतो. मेलेल्या वीरांना पुन्हा जिवंत करणारी एक वापीही तेथे आहे. सहस्र वर्षांनी ही नगरे एकत्र येतील तेव्हा एकाच बाणाने जो त्यांचा भेद करील त्याच्याच हातून त्यांचा नाश व्हावा, असा वर असतो. मत्स्यपुराणाने ही कथा बाणासुराशी आणि नर्मदेशी जोडली असून जळत्या पुराचा एक खंड अमरकंटकावर पडल्याचे सांगितले आहे. आकाशगामी धातुनगरे आणि मृतांना उठविणारे जल पाहून आजच्या वाचकाला विज्ञानाद्भुत कथेची आठवण व्हावी यात नवल नाही. मात्र त्यावरून प्राचीनांपाशी अशी याने होती असा निष्कर्ष काढणे म्हणजे कथेचा हेतूच हरवणे होय. येथे यंत्राची जागा वराने घेतली आहे, आणि प्रत्येक वराला एक अट आहे.

त्रिपुरातील दैत्य जन्मानेच दैत्य होते. त्याहून गहन प्रश्न उपस्थित होतो तो मनुष्ययोनीत जन्मलेल्या राजाच्या बाबतीत. कलचुरी आपली वंशपरंपरा चंद्रवंशातून हैहयांकडे आणि हैहयांतील कार्तवीर्य अर्जुनाकडे नेतात. हा अर्जुन म्हणजे माहिष्मतीचा सहस्रबाहू राजा. रावणाला बंदिवान करणारा वीर म्हणून काव्यांनी आणि पुराणांनी त्याचा गौरव केला आहे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात तर प्रजेच्या मनात अपराधाचा विचार येताच धनुष्य घेऊन तिच्यापुढे उभा राहणारा आदर्श शासक म्हणून कालिदास त्याचे स्मरण करतो.

हाच राजा परशुरामकथेत जुलमी होऊन अवतरतो. महाभारताच्या वनपर्वात दत्तात्रेयाच्या कृपेने त्याला सुवर्णमय विमान मिळते. अप्रतिहत गतीच्या रथातून तो देव, यक्ष आणि ऋषी यांना तुडवीत जातो, खुद्द इंद्राचाही अवमान करतो, आणि अखेर जमदग्नीच्या होमधेनूचे वासरू हरण करतो. शांतिपर्वात मात्र तोच अर्जुन शांतचित्त, दाता आणि शरणागतांचा रक्षक आहे. वासराचे हरण त्याच्या नकळत त्याच्या पुत्रांनी केले आहे. एकाच ग्रंथात एकाच पुरुषाची ही दोन चरित्रे शेजारी नांदतात.

या विरोधाची किल्ली अनुशासनपर्वात सापडते. तेथे अर्जुन दत्तात्रेयापाशी जे वर मागतो त्यांपैकी दोन विशेष अर्थपूर्ण आहेत. सहस्र बाहू असावेत ते केवळ रणांगणात. घरी आपण द्विबाहूच असावे, हा एक. आपण मार्ग चुकलो तर सज्जनांनी आपल्याला शिकवावे, हा दुसरा. म्हणजे अमानुष सामर्थ्याला त्याने स्वतःच दोन मर्यादा घालून घेतल्या आहेत : सामर्थ्याचे क्षेत्र ठरलेले असावे, आणि त्याला टोकणारा कोणी असावा. पुढे तो गर्वाने आपल्यासारखा दुसरा कोण असे विचारतो तेव्हा वायू त्याच्याशी वाद घालतो, आणि राजा अखेर ऐकतो. तो ऐकतो म्हणूनच त्या कथेत तो मनुष्य राहतो. वनपर्वातला अर्जुन कोणाचेच ऐकत नाही. घरातले दोन बाहू तेथे दिसेनासे झालेले असतात. असुरत्व बाहूंच्या संख्येत नाही, तर ऐकण्याची वृत्ती संपण्यात आहे, असा या कथांचा एकत्रित अर्थ लावता येतो.

तथापि येथेच थांबणे एकांगी ठरेल. टोकणारा कोण, हाही प्रश्न विचारला पाहिजे. अनुशासनपर्वातील वायू ब्राह्मणांच्या श्रेष्ठत्वाचा पक्ष मांडतो, आणि जमदग्नी व परशुराम हे भृगुकुलातले. महाभारताच्या आजच्या स्वरूपावर भृगुकुलाच्या कथांचा मोठा ठसा आहे, हे वि. स. सुकथनकर यांनी १९३६-३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात साधार दाखविले. भार्गवांच्या दृष्टीने जो उन्मत्त तोच कलचुरींच्या प्रशस्तिकाराच्या दृष्टीने मूळपुरुष. त्रिपुरीच्या दरबाराला आपला पूर्वज असुर वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

मराठी मनाला कार्तवीर्याचा परिचय झाला तो मुख्यतः भार्गवांच्या बाजूने. माहूरच्या क्षेत्रपरंपरेत रेणुका, जमदग्नी आणि परशुराम यांच्याबरोबरच दत्तात्रेयाचेही स्थान आहे. वर देणारा दत्त आणि त्या वराचे फळ भोगणारे आश्रमवासी एकाच डोंगररांगेत पूजिले जातात. कोकणात परशुराम भूमीचा निर्माता ठरला. परंतु दुसरी बाजूही महाराष्ट्रात पुसली गेलेली नाही. सोलापूरकडील सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज त्याला आपला पूर्वज मानतो, आणि हरवलेली वस्तू सापडावी म्हणून कार्तवीर्याचे नाव घेण्याची रीत अनेक घरांत आढळते. ऋषीची धेनू हरण करणारा राजा लोकश्रद्धेत हरवलेले परत मिळवून देणारा झाला आहे.

म्हणून एका पाठाला खरा आणि दुसऱ्याला विकृत ठरवण्याची घाई अभ्यासकाने करू नये. शिलालेख राजाचे सहस्र बाहू दाखवितात. भार्गवकथा त्या बाहूंनी मोडलेला आश्रम दाखविते. सत्तेचा इतिहास या दोहोंपैकी एकावरून लिहिला गेला तर तो स्तुती तरी होतो किंवा शाप तरी. घरी द्विबाहू असावे असे मागणारा राजा मात्र या दोन्हींच्या मध्ये उभा आहे, आणि त्याच्या मागण्यातच भारतीय राजधर्माची एक मूलभूत शंका बोलून दाखविली गेली आहे : सामर्थ्य मागावे, पण ते उतरवून ठेवण्याची जागाही त्याच वेळी मागून घ्यावी.