सुमात्रा हादरलं, कंप उठला जपानच्या पोटात

26 डिसेंबर 2004. सुमात्राजवळ समुद्रतळाशी 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीने हिंदी महासागराचे काठ धुऊन नेले. त्या हाहाकारात आणखी एक घटना घडली, ती कुणालाच जाणवली नाही. भूकंपाच्या लाटा पाच हजारांहून अधिक किलोमीटर कापून वीस-पंचवीस मिनिटांत नैऋत्य जपानखाली पोचल्या, आणि तिथे जमिनीखाली सुमारे तीस किलोमीटरवर खडक थरथरू लागले.

हे कळलं, कारण ऐकायला कान होते. 1995 मध्ये भूकंपाने कोबे शहर उद्ध्वस्त झाल्यावर जपानने देशभर बोअर घेऊन त्यांच्या तळाशी संवेदनशील भूकंपमापक बसवले. वरच्या रहदारीचा गलका तिथे फारसा पोचत नाही. या जाळ्याच्या नोंदींतून भूकंपशास्त्रज्ञ काझुशिगे ओबारा यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं, की या भागाखाली खोलवर एक मंद कंप अधूनमधून चालू असतो. नेहमीच्या भूकंपासारखा तो एकदम धडक देत नाही. तास तास, कधी कधी दिवसचे दिवस रेंगाळतो.

पुढे मासातोशी मियाझावा आणि जेम्स मोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी सुमात्राच्या भूकंपाच्या वेळच्या नोंदी तपासल्या. भूपृष्ठावरून येणाऱ्या लाटा संथ असतात, एकेका हेलकाव्याला पंधरा-वीस सेकंद लागतात. त्या गाळून टाकल्यावर मागे उरले जलद, बारीक कंप, आणि ते लाटांच्या तालावर चालले होते. हेलकावा आला की कंप, ओसरला की शांतता, पुढच्या हेलकाव्याला पुन्हा कंप. त्यातही खडक दाबला जाताना नव्हे, तो प्रसरण पावताना कंप उमटत होता.

असं का होतं, याचं उत्तर बहुधा पाण्यात आहे. जपानखाली सरकणारा समुद्री भूपट्ट खनिजांत बांधलेलं पाणी सोबत घेऊन जातो. खोलवर तापल्यावर ते सुटतं, खडकांच्या फटींत कोंडतं आणि दोन्ही बाजूंना आतून रेटत राहतं. असा भ्रंश, म्हणजे खडकांमधली सरकती भेग, जेमतेम तग धरून असतो. दूरवरून आलेल्या लाटेचा ताण वातावरणाच्या दाबाच्याही लहानशा अंशाइतका. उलट तीस किलोमीटर खोलीवर खडकांचा भार हजारो वातावरणांएवढा. इतक्या क्षुल्लक ताणाने भ्रंश हलतो, यावर विश्वास बसणं कठीण आहे. पण नोंदी समोर आहेत.

दूरच्या भूकंपाने भूकंप होतात हे त्याआधीच सिद्ध झालं होतं. 28 जून 1992 रोजी कॅलिफोर्नियात लँडर्स इथे 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ सुमारे 1,250 किलोमीटरवरच्या यलोस्टोनपर्यंत छोट्या भूकंपांची संख्या वाढली. तोवर भूकंपाचा परिणाम त्याच्या आसपासच होतो, असाच समज होता.

मग कुठे मोठा भूकंप झाला की आपण धास्तावायचं का? सहसा नाही. असे चेतवलेले भूकंप बहुतेक लहानच असतात. अपवाद मात्र आहे. 11 एप्रिल 2012 रोजी हिंदी महासागरात 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला आणि पुढचे सहा दिवस जगभर 5.5 आणि त्याहून मोठ्या भूकंपांचं प्रमाण जवळपास पाचपट झालं.

सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रसंग टोंगाचा. 19 ऑगस्ट 2002 रोजी तिथे 598 किलोमीटर खोलीवर 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. सात मिनिटांनी, 300 किलोमीटर पलीकडे आणि आणखी खाली, 664 किलोमीटरवर दुसरा झाला, 7.7 चा. म्हणजे पहिल्यापेक्षा मोठा, आणि तोही जिथे पूर्वी भूकंपांची नोंदच नव्हती अशा जागी. इतक्या दूर पहिल्या भूकंपाने कायमचा म्हणावा असा ताण पोचवलेला नव्हता. संशय धावत्या लाटांवरच जातो. पण लाटांना 300 किलोमीटर जायला एखादं मिनिट पुरतं. त्या पुढे निघून गेल्यावर दुसरा भूकंप मिनिटं उलटेपर्यंत का थांबला, हे कोडं जपानच्या तालबद्ध कंपाने सुटत नाही. तिथला खडक तुटण्याच्या बेताला आलेला होता आणि लाटेने त्यात एखादी सावकाश प्रक्रिया सुरू करून दिली, असा अंदाज आहे. ती प्रक्रिया सहाशे किलोमीटर खोल कशी चालते, हे शोधण्याचं काम अजून बाकी आहे.