कॉस्टिकमध्ये गंधक मिसळले की लोखंडाचे काय होते?

खामगावच्या चांदी बाजारात गंधकाची करामत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पेटीतले पैंजण काही महिन्यांत काळे पडतात, ते हवेतल्या गंधकाच्या अंशामुळे. पण हेच गंधक लोखंडी हौदाशी आणि टाकीशी काय करते, याकडे आपल्या रंगारी आणि चामडे कमावणाऱ्या कारागीर बंधूंचे फारसे लक्ष जात नाही. नुकसान मात्र त्यांचेच होते.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लोखंडाला क्षार मानवतो. साध्या पाण्यात पत्रा गंजतो, पण कॉस्टिक सोड्याच्या थंड पाण्यात वर्षानुवर्षे टिकतो. कारण क्षारात लोखंडावर ऑक्साईडचा पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि आतला धातू सुरक्षित राहतो. म्हणून साबणवाले कॉस्टिक साध्या एम. एस. टाकीत बिनधास्त ठेवतात. कॉस्टिक फार कडक आणि फार गरम झाले तर गोष्ट वेगळी. पूर्वी रिव्हेट मारलेल्या बॉयलरना सांध्यांवर तडे जात, ते याच कारणाने.

आता यात गंधक आले की हिशेब बदलतो. आमच्या कापडाच्या धंद्यात ते येते सल्फर ब्लॅकच्या वाटेने. १८७३ साली फ्रान्समध्ये क्रोआसाँ आणि ब्रेतोनिएर या दोघांनी लाकडाचा भुसा, कोंडा असल्या वस्तू गंधकाच्या क्षाराबरोबर तापवून पहिला सल्फर रंग काढला. १८९३ मध्ये विदाल यांचा काळा रंग आला. स्वस्त, आणि धुण्याला पक्का. सुती कापडाला काळा करायला आजही याच जातीचा रंग लागतो. मात्र तो नुसत्या पाण्यात विरघळत नाही. त्याला सोडियम सल्फाईड आणि सोडा लागतो, वर मीठ, आणि पाणी जवळजवळ उकळीला आणावे लागते. म्हणजे हौदात क्षार आहे, गंधक आहे आणि उष्णताही आहे.

सल्फाईड त्या ऑक्साईडच्या पापुद्र्यात शिरते आणि त्या जागी लोह-गंधकाचा थर बनवते. हा थर भुसभुशीत असतो, लोखंडाला नीट झाकत नाही. शिवाय काही लोखंड गंधकाशी जोडले जाऊन सरळ पाण्यात विरघळते. दुसरे कारण हवा. उघड्या हौदात सल्फाईडला हवा लागली की त्याचे थायोसल्फेट आणि पॉलिसल्फाईड होते. पापुद्रा एकदा सुटला की हे दोन्ही पदार्थ उघड्या लोखंडाला आणखी जोराने खातात. गंमत अशी की पॉलिसल्फाईड थोडे असेल तर झीज वाढते, आणि भरपूर असेल तर लोखंडावर पुन्हा संरक्षक थर धरू शकतो. म्हणून एकाच जातीच्या दोन टाक्यांपैकी एक टिकते आणि दुसरी लवकर जाते.

याचा सर्वात मोठा तजुर्बा कागदवाल्यांचा आहे. बल्लारपूरसारख्या ठिकाणी बांबू आणि लाकूड शिजवून लगदा करतात, तो कॉस्टिक आणि सोडियम सल्फाईडच्या पाण्यातच. ही रीत जर्मन रसायनतज्ज्ञ डाल यांनी १८७९ च्या सुमारास काढली. शिजवण्याची उष्णता १७० अंशांच्या आसपास जाते. १९८० मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यात असे एक शिजवण्याचे भांडे वेल्डिंगजवळ तडे जाऊन फुटले, तेव्हा जगभरच्या कारखान्यांनी आपापली भांडी तपासायला घेतली. पुढे कुणी स्टेनलेसचे अस्तर लावले, कुणी डुप्लेक्स स्टील वापरले, तर कुणी भांड्याला मोजून वीज देऊन पापुद्रा टिकवला. आपल्या रंगाच्या हौदाला एवढा दाब आणि ताप नसतो, पण आतली रासायनिक लढाई तीच.

मग कारागिराने करावे काय? पहिले म्हणजे तांब्या-पितळेचा नळ, झडप किंवा चाळणी या कामात नको. गंधक त्यांना लोखंडाहून लवकर धरते, वर कापडाची छटाही बिघडते. जुना रंग हौदात रात्रभर ठेवू नये. पाण्याच्या पातळीची रेष, जिथे हवा आणि पाणी भेटतात, तिथेच पत्रा आधी पातळ होतो. स्टेनलेस घेणे जमत असेल तर चांगलेच; पण त्याच हौदात मिठाचे उरलेले पाणी राहून त्यावर ॲसिड पडले, तर स्टेनलेसलाही बारीक भोके पडतात. धुलाई पूर्ण झाल्याशिवाय ॲसिड घालू नये.

ॲसिडची गोष्ट पैशाची नाही, जानेची आहे. सल्फाईडच्या पाण्यात ॲसिड पडले की सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने हौदाच्या तळाशी आणि गटारात साचतो. प्रमाण वाढले की नाकच मरते, वास येईनासा होतो, आणि माणूस समजतो की वायू गेला. चामड्याचे केस काढायला चुना आणि सोडियम सल्फाईड वापरणाऱ्यांनाही हाच धोका आहे. हौद साफ करायला एकट्या माणसाला आत उतरवू नये.

जुना हौद भंगाराच्या भावात मिळतो म्हणून घेणारे पुष्कळ. घ्यावा, पण आधी अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजून घ्यावी, आणि ती पातळीच्या रेषेवर व वेल्डच्या दोन्ही बाजूंना मोजावी. विकणारा बहुधा मधला पत्रा ठोकून दाखवतो.