चारात एक, प्रत्येक खेपेला

अकरावीला पेशीविभाजन शिकवताना मी आधी फळ्याकडे वळत नाही. पाण्याने भरलेल्या ग्लासवर टेकवलेल्या कांद्याला पांढरी मुळं फुटली, की त्यांची टोकं कापून घेते. टोक आम्लात मऊ करायचं, ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकायचा, वर काच ठेवून अंगठ्याने दाबायचं. सूक्ष्मदर्शकाखाली लालसर पेशींची गर्दी दिसते. एखादीत गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी असतात, शेजारचीत दोन टोकांकडे निघालेली. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं. एकीच्या दोन पेशी झाल्या तरी दोघींत 16च. हे सूत्री विभाजन. आपली जखम भरते, बाळ वाढतं ते याच रीतीने. मुलं इथवर खूश असतात.

पुढचा धडा अर्धगुणसूत्री विभाजनाचा, आणि तो आमच्या भागात नुसता परीक्षेपुरता शिकवणं मला पटत नाही. आमचं जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणी आणि तिची वसाहत. वर्गात क्वार्टरमधली मुलं असतात, तशी ठाणा-शहापूरकडची शेतकऱ्यांची, मजुरांचीही. पूर्व विदर्भातल्या आदिवासी, अनुसूचित जातींच्या आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. नागपूर भागातली त्याची नोंद 1958 मध्ये झाली. त्यामुळे वाहकाचं ‘एएस’ आणि रुग्णाचं ‘एसएस’ ही अक्षरं मुलांनी माझ्याआधी घरी ऐकलेली असतात.

तांबडी रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होते आणि रक्तात उतरण्यापूर्वी आपलं केंद्रक टाकून देते. केंद्रक नाही म्हणजे विभाजन नाही. सुमारे 120 दिवस प्राणवायू वाहायचा आणि संपायचं. तिच्यातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्यानेच प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कडक दोरे बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकल्या की हाडं ठणकायला लागतात. पेशी जेमतेम 10 ते 20 दिवस टिकते, मज्जा पुरी पडत नाही, म्हणून रक्त कमी. ते दुखणं ज्याने घरात पाहिलं आहे, त्याला ‘अंगदुखी’ हा शब्द किती अपुरा आहे ते ठाऊक असतं.

ही चूक लिहिलेली असते 11व्या गुणसूत्रावर. आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे 23 जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं, एक वडिलांकडचं. स्त्रीबीज आणि शुक्रपेशी बनताना या जोड्या फुटतात आणि प्रत्येकीत 23च जातात. एएस असलेल्या माणसाच्या निम्म्या शुक्रपेशींत किंवा स्त्रीबीजांत बदललेलं जनुक जातं, निम्म्यांत चांगलं. आई-वडील दोघेही एएस असतील, तर बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन, आणि पूर्ण निरोगी जनुकांचं, म्हणजे एए, होण्याची चारात एक.

आता एका मुलीचा प्रश्न सांगते. ‘‘मॅडम, दादा एसएस आहे. मंग चारातला एक झाला ना? मले तं होणार नाही?’’ वर्ग गप्प झाला होता. नाही ग बाई, तसा हिशेब चालत नाही. बीज मागच्या बाळाची आठवण ठेवत नाही. प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक हीच शक्यता नव्याने उभी राहते. तिला मी तपासणी करायला सांगितलं, आणि वर्गाला फळ्यावर पुन्हा चौकट काढून दाखवली.

त्याच चौकटीतून दुसरी गोष्ट निघते, आणि ती मी दरवर्षी मोठ्या आवाजात सांगते. एसएस बाळाला एक जनुक आईकडून आलेलं असतं आणि एक बापाकडून. दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय एसएस होतच नाही. मग ‘‘तुझ्या माहेराहून आलं’’ म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घराला जीवशास्त्रात कुठलाच आधार नाही.

एएस म्हणजे वाहक. तो सहसा आजारी नसतो. उलट लहानपणीच्या जीवघेण्या मलेरियापासून त्याला संरक्षण मिळतं, म्हणून तर मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकलं. अडचण येते ती लग्नात. सोयरिक जातीत, पोटजातीतच होते, त्यामुळे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. पत्रिका जुळवताना रक्ताचा कागदही मागा, असं मी पालकसभेत सरळ सांगते. एएसचं लग्न एए असलेल्याशी झालं, तर मूल फार तर वाहक होईल, एसएस नाही.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात मिसळतात आणि नळीमागे रेघा असलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण वाहक की रुग्ण, हे या नळीत कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. शिवाय पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून तान्ह्या बाळाची नळी स्वच्छ दिसली तरी भरवसा ठेवू नये.

तेच गर्भातलं हिमोग्लोबिन उपचाराच्या कामी येतं. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध त्याचं प्रमाण वाढवतं, आणि दुखण्याचे झटके कमी होतात. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी हा तिचा गाभा. माझ्या वर्गातली मुलं सोळा-सतराची आहेत, लग्नाच्या बोलण्यांना अजून अवकाश आहे. कांद्याची मुळं पाहून झाली की त्याच आठवड्यात त्यांनी तपासून घ्यावं, असा माझा आग्रह असतो.