एम.एस्सी. रसायनशास्त्र : गुणांबरोबर दुपारही लागते

बी.एस्सी.चे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. ‘पोरगी केमिस्ट्री घेऊन पास झाली, आता पुढं काय?’ मग घरात चर्चा सुरू होते. कोणी बी.एड. सुचवतो, कोणी स्पर्धा परीक्षा, कोणी सरळ स्थळे पाहायला लागतो. एम.एस्सी.चे नाव सर्वांत शेवटी निघते आणि ‘ते आपल्याला झेपायचे नाही’ म्हणून बाजूला पडते.

आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. रसायनाशी आमची ओळख शाळेच्या पुस्तकापुरती. पण मुलांचे फॉर्म भरून देता देता, कार्यालयांच्या खिडक्यांवर उभे राहता राहता या पदवीसाठी नेमके काय लागते ते आम्हाला कळत गेले. ते सर्व पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एके काळी खानदेशातील मुलांच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का असे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठाच्या आवारात रसायनशास्त्राचा विभाग आहे. शिवाय महाविद्यालयांतूनही एम.एस्सी. चालते. म्हणजे शिक्षण आपल्या दाराशी आले आहे. आता दारातून आत जाण्यासाठी काय हवे ते पाहू.

पहिली अट विषयाची. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र हा प्रमुख विषय असावा लागतो. पहिल्या वर्षी केमिस्ट्री होती, पुढे मैत्रिणीबरोबर दुसरा विषय घेतला, असे झाले तर गुण कितीही असोत, अडचण येते. म्हणून एम.एस्सी.चा विचार बी.एस्सी.च्या निकालानंतर नव्हे, पहिल्या वर्षी विषय निवडतानाच करावा. दुसरी गोष्ट गणिताची. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेली मुले भौतिक रसायनशास्त्रात अडखळतात. त्यांनी सुट्टीत थोडे कलनशास्त्र कोणाकडून तरी शिकून घ्यावे.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून एकूण ८८ श्रेयांक पूर्ण करावे लागतात, म्हणजे दर सत्राला २२. सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक व विश्लेषणात्मक या शाखांचा पाया पहिल्या वर्षी पक्का केला जातो. पुढे एका शाखेत विशेष अभ्यास होतो. संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प हेही त्यात आले. एका वर्षानंतर थांबावे लागलेच तर ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका मिळते. तेव्हा घरच्या अडचणीने मध्येच सोडावे लागलेल्याचे वर्ष अगदीच वाया जात नाही.

आता मुख्य मुद्दा. श्रेयांक म्हणजे नुसता गुण नव्हे, तो तासांचा हिशेब आहे. थिअरीच्या एका श्रेयांकाला १५ तास, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास. चार श्रेयांकांचे प्रात्यक्षिक म्हणजे प्रयोगशाळेत १२० तास उभे राहणे. मिश्रणातील पदार्थ वेगळे करून ओळखायचे, एका पदार्थापासून दुसरा तयार करायचा, तो शुद्ध करायचा, वजन करायचे, मग जर्नल लिहून सही घ्यायची. ब्युरेट घरी आणता येत नाही आणि प्रयोग पाठ करता येत नाही. इतिहास-मराठीचे एम.ए. नोकरी सांभाळून बाहेरून करणारे आपले अनेक बांधव आहेत. त्यांचे कौतुकच आहे. परंतु रसायनशास्त्राचे तसे नाही. येथे विद्यार्थ्याला रोजची दुपार द्यावी लागते, आणि ती दुपार त्याला घराने द्यावी लागते.

धुळ्याच्या एका वस्तीतील मुलीचे उदाहरण सांगतो. वडील हमाल, आई चार घरची धुणीभांडी करणारी. पहिल्या सत्रात मुलीचे लेखी पेपर सगळे सुटले आणि प्रात्यक्षिकात ती राहिली. आई आम्हाला म्हणाली, ‘भाऊ, पोरगी रातभर वाचते, मग नापास कशी?’ चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. नळाला पाणी येण्याचा दिवस असला की मुलगी घरी थांबे. पाहुणे आले की थांबे. आई आजारी पडली की थांबे. प्रत्येक वेळी एकेक प्रयोग बुडाला. भाऊ मात्र घरातच होता, त्याला हंडा उचलायला कोणी सांगितले नव्हते! आम्ही सर्वांना बसवून बोललो. पाण्याचे काम भावाकडे गेले, शेजारच्या मावशींनीही हात दिला. पुढच्या सत्रात मुलीने राहिलेले प्रात्यक्षिक काढले. बुद्धी तीच होती, फक्त दुपार मोकळी झाली.

मुलींसाठी प्रयोगशाळेचे दार सहज उघडले, असे कोणी समजू नये. कमला सोहोनी, त्या वेळच्या कमला भागवत, मुंबई विद्यापीठाच्या उत्तम गुणांच्या पदवीधर. १९३३ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या आणि पुढे केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. घरात विज्ञान असलेल्या मुलीची ही कथा. ज्यांच्या घरात पहिलेच पुस्तक आले, त्यांच्या मुलींना घरचा आधार किती लागत असेल, याचा विचार करावा.

आता कागदपत्रे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, सर्व गुणपत्रके, आधारशी जोडलेले बँक खाते, आणि दुसऱ्या विद्यापीठातून येत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र. हे निकालानंतर नव्हे, आधीच काढून ठेवावे. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून अधिक असल्यास राज्याची फ्रीशिप आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी भरावा लागतो, एकदा भरून भागत नाही.

आणखी एक गोष्ट बौद्ध कुटुंबांनी ध्यानात ठेवावी. अनुसूचित जातीच्या केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळू लागल्या. आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थेत जायचे तर जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तेथील एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही परीक्षा असते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच ती देता येते आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शुल्क निम्मे असते.

पदवी मिळाल्यावर काय? दीपनगरच्या वीज केंद्रात पाणी व कोळसा तपासावा लागतो, जळगावच्या पाइप व चटईच्या कारखान्यांत प्लास्टिकचा दर्जा पाहावा लागतो, साखर कारखान्यात केमिस्ट लागतो. सुरतेच्या गाडीने आपली मुले अंकलेश्वर-वापीपर्यंत जातात. तेथे औषधांचे व रंगांचे कारखाने आहेत. प्राध्यापक व्हायचे तर नेट किंवा सेट हवी आणि एम.एस्सी.ला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ५० टक्क्यांची आहे. म्हणून नुसते पास होण्यावर समाधान मानू नये. नेटमधून संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. म्हणजे ज्या मुलीला शिकवायला घराने दोन वर्षे ओढ काढली, ती पुढे शिकता शिकता घराला हातभार लावू शकते.

तेव्हा पालकहो, ज्यांच्या घरी बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेले मूल आहे, त्यांनी या आठवड्यात दोन कामे करावीत. दाखल्यांची पिशवी उघडून काय कमी आहे ते पाहावे. आणि घरातल्या कामांची यादी करून, मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याचे दुपारचे काम कोण उचलणार ते आजच ठरवावे.